भरावातलं तळघर

ओल्शिना, ३ मार्च २००९

दादा,

देवाचं नाव घेऊन लिहायला बसले, आई बसायची तशी. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. तिथं पांघरूण पुरतं का ते कळव. आम्ही ठीक आहोत. इगाला चौथा दात आला. भिंत धरून चालते. परवा रादेककडे बघून "बा" म्हणाली, तर तो अख्ख्या गल्लीत सांगत फिरला.

दोन महिने लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. तू म्हणालास की तुरुंगातला साहेब आधी पत्र फोडून वाचतो. माझं अक्षर शाळेपासूनच वाईट, त्यात परका माणूस वाचणार म्हटलं की हात चालत नाही. साहेबांना माझा नमस्कार सांग.

मोठी बातमी म्हणजे आपली लाइन प्रांतानं घेतली. रेल्वेनं सतरा वर्षं तिच्यावर गाडी सोडली नाही आणि ती उखडलीही नाही. आता प्रांत म्हणतो, द्या आमच्याकडे, आम्ही दुरुस्त करतो आणि पॅसेंजर सोडतो. आज नाही, पण सोडतो. आगीच्या बंबाच्या शेडमध्ये सभा झाली. व्रोत्स्वावच्या प्रांत कचेरीतून एक बाई आली होती, माझ्याच वयाची असेल, पातळ टाचांचे बूट, सगळा चिखल. ती म्हणाली, आता ही लाइन कुठल्या कंपनीची नाही, तुमची आहे, सगळ्यांची आहे.

गेन्या आजी पुढच्याच बाकावर होती. ती उठली आणि म्हणाली, "माझी ना? मग माझ्या वाटणीचा तुकडा आत्ताच मोजून द्या. घरापुढचा. दोरी बांधून चादरी वाळवीन." सगळे हसले. बाई पण हसली, पण तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग सांगितलं की यापुढे रुळांवर शेळ्या बांधायच्या नाहीत, भरावावर भाजी लावायची नाही, रुळांवरून चालत दुकानात जायचं नाही. म्हणजे कुणाची नव्हती तेव्हा सगळ्यांनी वापरली, आणि आता सगळ्यांची झाली तर कुणी हात लावायचा नाही. मी हे मोठ्यानं नाही म्हटलं.

मला गाडी हवी आहे, दादा. इगाच्या कानाला दर महिन्याला डॉक्टरला दाखवावं लागतं. बस सकाळी एक जाते, संध्याकाळी एक येते, शनिवारी तीही नाही. मागच्या महिन्यात तिला ताप असताना मी दुसऱ्या बससाठी साखर कारखान्यापर्यंत चालत गेले.

रादेकला रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये काम मिळालं. बाबांचं नाव सांगितल्यावर मुकादमानं लगेच घेतलं. मुकादमाचं नाव विल्चेक, म्हातारा आहे, बाबांबरोबर याच लाइनवर होता म्हणे. तू रूळ कापले होतेस त्या जागी आता नवे बसलेत, रादेकनंच बसवले. तो म्हणतो चाळीस मीटर होतं. तू कोर्टात तीस सांगितलं होतंस. हे लिहायला नको होतं, पण पेननं लिहिलं गेलं.

आपलं रेल्वेचं घर लाइनबरोबर प्रांताकडे गेलं. भाड्याचा नवा कागद आलाय. त्यात एक ओळ आहे, लाइनच्या जागेचं भाडेकरूनं काही नुकसान केलेलं नाही, अशी. खाली सही करायची. रादेक म्हणतो करून टाकू. मी अजून केली नाही.

बटाटे या वर्षी जिन्याखाली ठेवलेत. कोंब फुटले, निम्मे टाकायला झाले. लोणच्याच्या काकड्या पण तिथंच, सगळ्या घराला वास येतो.

एक विचारायचं होतं. तुझी ती जागा, जिथं बाबा आणि तू कोबीचं पिंप ठेवायचात, ती दारापासून आत किती पावलं होती? तुला कळेल कुठली. तुझ्या पावलांनी की बाबांच्या तेही सांग. असंच विचारते. फार विचार करू नकोस.

इगा पेन ओढतेय. थांबते.

तुझी मार्लेना


ओल्शिना, १९ एप्रिल

दादा,

ईस्टर झाला. अंडी रंगवली, टोपली चर्चमध्ये नेऊन पवित्र पाण्याचा शिंतोडा घेतला. आईबाबांच्या कबरीवर दिवा लावला, तुझ्याही नावानं एक.

तुझं पत्र मिळालं. पाच पावलं, बाबांची. आणि पुढं तू लिहिलंस की बाबा सहावं पाऊल खणू द्यायचे नाहीत, कारण सहाव्यावर डोक्यावर रूळ येतो. हे मला माहीत नव्हतं, दादा. मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही दोघं खणायचात तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला बाहेर उभं करायचात, कुणी येतंय का बघायला.

आता साहेब वाचत असतील तर वाचू देत, मला आडून आडून लिहिता येत नाही. आपल्या घरासमोर भरावाच्या पोटात तळघर आहे. बटाट्याचं. वर लाइन मेलेली, भरावाची माती कोरडी, थंडी आत पोचत नाही, म्हणून खणलं. त्यात चोरी काही नव्हती. मागच्या उन्हाळ्यात, लाइन प्रांताकडे जाणार असं कानावर आलं तेव्हा, रादेकनं दार काढलं, तोंडाशी दगड रचले, वर माती लोटली, हिरवळीचे चौकोन कापून लावले आणि काटेरी झुडूप आणून पुरलं. आता बघितलं तर कुणाला काही कळणार नाही. झुडूप जगलं सुद्धा.

ते तळघर पाच पावलं नाही आता. नऊ आहे.

विल्चेक आणि त्याची माणसं आपल्या दारापुढून गेली. लाकडी स्लीपर हातोडीनं ठोकून बघतात, आवाजावरून कुजलंय का ते कळतं. रूळ बघतात, स्क्रू बघतात. सगळे वर बघतात. खाली झुडपाकडे कोण बघणार. रुळांवरची हातगाडी गेली वरून, चार माणसं बसलेली. मी खिडकीत इगाला घट्ट धरून उभी होते. ती रडायला लागली. काही झालं नाही.

रादेक म्हणाला, बघ, काही झालं का? मी म्हटलं, चार माणसं म्हणजे गाडी नाही. तो म्हणाला, जर्मनांच्या काळातला भराव आहे, रणगाडे गेलेत यावरून. मी म्हटलं, तेव्हा तो भरीव होता. मग तो जेवला, भांडं स्वतः धुतलं आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला, एप्रिलमध्ये.

मागच्या आठवड्यात सलग पाऊस झाला. गुरुवारी झुडपाच्या वर, रुळापासून हातभर खाली, गवतात खड्डा दिसला. वाटीएवढा. मी पायानं माती सारली. रविवारी परातीएवढा झाला होता. रादेकला दाखवला. त्यानं बादलीभर खडी आणून टाकली आणि म्हणाला, पावसात होतं असं सगळीकडे.

बारा मेला इंजिन येणार आहे. मागे खडीचे सहा डबे, भरलेले. सगळ्या लाइनवर खडी टाकत जाणार. आणि गँगची माणसं डब्यांवर बसून जाणार. रादेकचं नाव त्यात आहे.

मी म्हटलं, तू नको जाऊस. आजारी आहे म्हण. तो म्हणाला, "मीच जाणार. गाडी मला पलीकडे घेऊन गेली तर सगळ्यांना घेऊन जाईल. विषय संपला."

असं तो हळू आवाजात म्हणाला, इगाला खिमट भरवता भरवता. मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मी विल्चेकला सांगू का, हे मला तुला विचारायचंय. सांगितलं तर घर जाईल, काम जाईल. तुला रुळांसाठी साडेतीन वर्षं दिली. भराव पोखरल्याची किती देतात? तुझ्याबरोबर तिथं असं काही केलेला कुणी आहे का? असेल तर विचार. इगाला कोण बघेल हेही मनात येतं. रादेकची आई तिला दुधात साखर घालून देते, ऐकत नाही.

कागदावर सही केली नाही अजून. पोस्टमननं दोनदा विचारलं.

लवकर लिही. बारा तारखेच्या आत मिळायला हवं.

मार्लेना


ओल्शिना, ७ जून

दादा,

तुझं पत्र नऊ मेला मिळालं. एकच ओळ, गप्प बस, तुला लेकरू आहे. दोन दिवस एप्रनच्या खिशात ठेवलं होतं. चांगल्या मनानं लिहिलंस ते कळतं मला.

आता जे झालं ते सांगते. मधलं एक राहिलंय, ते आधी.

पुढची चार पावलं रादेकनं खणली नाहीत. मी खणली. तू त्याला मनातल्या मनात शिव्या देत असशील, देऊ नकोस. तू गेलास त्या वर्षी थंडीत दाराकडचे बटाटे गोठले. फेब्रुवारीपर्यंत घरात काही उरलं नाही, आम्ही गेन्या आजीकडून मागून आणले आणि तिनं ते सगळ्या गावाला सांगितलं. पुढच्या सप्टेंबरात रादेक जर्मनीत द्राक्षं तोडायला गेला होता. मला पाचवा महिना. मी ठरवलं की या वर्षी बटाटे आतवर ठेवायचे. कोळशाचं फावडं घेतलं आणि रोज थोडं थोडं खणलं. माती बादलीनं काढून बागेत पसरली. टेकू वगैरे काही लावले नाहीत, लावायचे असतात तेच माहीत नव्हतं. माती मऊ होती, सुटत गेली. मला बरं वाटत होतं, खरं सांगते. उन्हात घाम यायचा आणि आत गेलं की गार. रादेक आला तेव्हा मी त्याला हात धरून दाखवायला नेलं. त्यानं वर बघितलं आणि मला बाहेर ओढलं. मग दाराजवळ उभा राहून बराच वेळ हसत होता, पण ते हसणं नव्हतं.

म्हणून त्यानं दार बुजवलं. आणि म्हणून तो डब्यावर बसायला निघाला होता. तो घरी राहिला तर लोक का म्हणून विचारतील आणि माझं नाव येईल म्हणून. हे मी दोन पत्रांत लिहिलं नाही. तुझ्या साहेबाला घाबरून नाही, तुलाच घाबरून.

अकरा तारखेला दुपारी मी इगाला कडेवर घेतलं आणि फाटकाजवळ गेले. तिथं गँग जेवायला बसली होती, शेकोटीवर सॉसेज भाजत होते. विल्चेक पावावर चरबी लावून खात होता. रादेकनं मला बघितलं आणि पाव खाली ठेवला.

मी म्हटलं, "मुकादम, आमच्या घरासमोर भराव पोकळ आहे."

विल्चेक म्हणाला, "तुला काय माहीत?"

"मी खणलाय."

रादेक उठला आणि म्हणाला, नाही, मी खणलाय, हिला काही कळत नाही. मी म्हटलं मी. तो म्हणाला मी. बाकीची माणसं सॉसेज हातात धरून बघत होती, एक इकडे बघायचा, एक तिकडे. विल्चेकनं हात पँटला पुसले आणि म्हणाला, "नवराबायको आधी ठरवा कुणी खणलं ते, तोवर मी जाऊन बघतो."

त्यानं पहार घेतली. खड्ड्यावरची खडी बाजूला केली आणि पहार खाली दाबली. ठोकली नाही, नुसती दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. त्यानं ती तशीच सोडून दिली, टोपी काढली आणि रुळावर बसला. तिथूनच विचारलं, "तुझ्या बापाला माहीत होतं?"

मी म्हटलं, बाबांची पाच पावलं होती. तो म्हणाला, "पाच चालतात." असं कसं म्हणाला, मला कळलं नाही. मग कळलं. त्यांच्या वेळी गँगमधल्या सगळ्यांनीच खणलं असणार. त्याला हिशेब माहीत होता.

तो उठला आणि भरावाच्या कडेनं चालायला लागला, पहार टोचत टोचत. आपल्या गल्लीत भरावाला लागून अकरा घरं आहेत. सात ठिकाणी पहार आत गेली. पाच पावलांची किती आणि जास्तीची किती, ते नंतर मोजलं. गेन्या आजीचं बारा पावलांचं निघालं. त्यात कोबीची दोन पिंपं, प्लमची दारू आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याची मोटारसायकल.

मला इतरांचं माहीत नव्हतं, दादा. म्हणजे माहीत होतं की आहेत, पण मी फक्त आमचं सांगायला गेले होते. आता गल्लीत कुणी बोलत नाही. दुकानात रांगेत माझ्या पुढं मागं जागा सोडतात. गेन्या आजी पंपावर भेटली, बादली भरेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "भोकाला दार लावलंत, तोंडाला नाही लावलंत ना." मी तिची बादली उचलून दिली, ती तिनं घेतली.

इंजिन बाराला आलं नाही. व्रोत्स्वावहून माणसं आली, फोटो काढले. सभेतली बाई पण आली, या वेळी रबरी बूट घालून. तिनं मला बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं, नाव, वय सांगून खाली सही केली. तिनं विचारलं, स्वतःहून का सांगितलंत? मी म्हटलं, मला गाडीनं जायचंय. तिनं तेच लिहून घेतलं.

सातही तळघरं भरायला तीन आठवडे लागले. आमचं रादेक आणि मी भरलं. विल्चेकनं सांगितलं होतं की आत मोठे दगड हातानं रचायचे, नुसती माती लोटायची नाही. मी खणलेल्या शेवटच्या टोकाला रादेक मला जाऊ देत नव्हता. तिथं छताचा एक मोठा तुकडा आधीच खाली पडलेला होता, पलंगाएवढा. तो त्यानं मला दाखवला नाही, विल्चेकनं दाखवला.

परवा पाच तारखेला इंजिन आलं. माणूस चालतो तेवढ्या वेगानं. रादेक दुसऱ्या डब्यावर बसला होता, विल्चेक इंजिनाच्या पुढं चालत होता, रुळाकडे बघत. आमच्या घरासमोर रूळ दोन बोटं खाली बसला आणि परत वर आला. मी बघितलं. डबे गेले. रादेकनं माझ्याकडे बघितलं नाही, खालीच बघत होता. इगा हात हलवत होती. गल्लीतली सगळी दारात उभी होती आणि कुणी टाळी वाजवली नाही.

सप्टेंबरात पॅसेंजर येणार होती ती आता येणार नाही. बाई म्हणाली, सगळ्या लाइनवरचा भराव नव्यानं तपासायचा, चाळीस किलोमीटर, दुसऱ्या गावांतही असणारच. पैसे पुढच्या वर्षी मागायचे. मग बघू. गाव म्हणतं माझ्यामुळे गाडी गेली. ते खोटं नाही.

रादेकला गँगमध्ये ठेवलंय, महिनाअखेरपर्यंत. पुढचं वरून ठरेल. कोर्टाचा कागद अजून आला नाही. विल्चेकनं त्याच्या अहवालात आमच्या दोघांचं नाव लिहिलं आणि समोर लिहिलं, स्वतः येऊन सांगितलं. त्याचा उपयोग होतो की नाही ते तोही सांगू शकत नाही. घराचा कागद मी परत पाठवला. नुकसान केलेलं नाही, त्या ओळीतलं "नाही" खोडलं आणि खाली सही केली. रादेक बाजूला उभा होता. त्यानं पण केली.

मी घाबरलेलीच आहे. पण ती भीती वेगळी होती, इगा रुळांवरच्या माणसांना हात करायची तेव्हाची. ती गेली.

तू पुढच्या वर्षी सुटशील तेव्हा गाडी नसली तर साखर कारखान्यापासून चालत यावं लागेल. रुळांवरून येऊ नकोस, खालच्या रस्त्यानं ये.

उत्तर लिहायचं असेल तर तीस जूनच्या आत पोचेल असं लिही. त्यानंतर हे घर राहील का, पत्ता कुठला असेल, मला माहीत नाही.

तुझी बहीण,
मार्लेना